आप्पा आणि चमकणाऱ्या वस्तू

आमच्या माहेरी आरसा भिंतीकडे तोंड करून टांगलेला असे. ज्याला भांग पाडायचा असेल त्यानं तो फिरवावा, काम झालं की पुन्हा उलटा करावा. विसरलं की आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज यायचा, "आरसा." तेवढा एकच शब्द. आमची आई, अव्वा, म्हणायची, या घरात आल्यापासून मी कुंकू अंदाजानंच लावते.

आप्पांच्या चष्म्यावर कायम धुळीचा थर. नव्या स्कूटरचे दोन्ही आरसे त्यांनी पहिल्याच दिवशी पान्यानं काढून माळ्यावर टाकले. खिडकीच्या काचा पुसल्या तर पुसणारीलाच बोलणी. खंडेनवमीला सगळं गाव आपापली वाहनं धुऊन त्यांना हार घालायचं, आमची स्कूटर तेवढी शेणामातीची तशीच उभी. का म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सवय." मी आणि अव्वा आपसांत म्हणायचो, फौजेनं माणूस परत पाठवला खरा, पण एक स्क्रू तिकडंच घाटात पडून राहिला.

आप्पा फौजेत ड्रायव्हर होते, हवालदार होऊन निवृत्त झाले. ते गावी परतले तेव्हा गावानं उघड्या जीपमधून मिरवणूक काढली, पुढं बँड, दारोदारी रांगोळ्या. जीपवाल्यानं समोरची काच लखलखीत पुसून आणली होती. आप्पांनी ती पाहिली, खाली वाकून मूठभर माती उचलली आणि काचेवर फासली. लोकांना वाटलं, मायभूमीची माती आहे, जवानाची भावना आहे. टाळ्या पडल्या, दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. मीही त्या वेळी अभिमानानं टाळ्या वाजवल्या होत्या.

त्यांची सगळी नोकरी डिझेल वाहून नेण्यात गेली. बर्फातल्या चौक्यांवर जनरेटर चालायचे, त्यांना डिझेल. शेगड्यांना रॉकेल. ते सगळं खालून वर न्यायचं, रस्ता उघडा असेल तेवढ्या महिन्यांत, रांगेनं गाड्या लावून. "एक पिंप वर पोचवायचं म्हणजे वाटेत माझी गाडीच किती पिऊन टाकायची ते इचारू नको," असं ते मोठ्या कौतुकानं सांगायचे, जणू गाडी म्हणजे खात्यापित्या घरची सून. पेट्रोल पंपावर गेलो की माणसं मोगऱ्याचा वास घेतात तसा आप्पा डिझेलचा वास घ्यायचे. मला ते पटायचं नाही. वाहणाऱ्यानंच निम्मं प्यायचं तर वाहायचं कशाला, असं मी एकदा म्हणाले. त्यावर मला दोन दिवस अबोला मिळाला.

अशा माणसाची मुलगी सोलरच्या धंद्यात पडली. आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. लग्न होऊन देगलूरला आले. माहेर उदगीर तालुक्यात, म्हणजे जन्म लातूर जिल्ह्यात आणि संसार नांदेड जिल्ह्यात, मधे काही गावं आणि बरेच खड्डे. देगलूरला जुन्या बाजारात तीन पिढ्या लोखंडाचं काम करणारे एक वेल्डिंगवाले चाचा आहेत. ते सांगाडे करतात, मी वर प्लेटा बसवून जोडणी करते. आमची जोडी बरी जमली, कारण मी तापट आणि चाचा थंड. आप्पा मात्र माझ्या कामाला काम म्हणायचे नाहीत. "तुझ्या काचा," म्हणायचे.

त्या काचा एक दिवस आमच्याच गावात बसवायची वेळ आली. गावाला प्यायचं पाणी माळावरच्या बोअरचं. विजेचा लपंडाव असा की दिवसभर मोटर बंद आणि बाया घागरी घेऊन बसलेल्या. सरपंचबाईंनी सोलरचा आग्रह धरला आणि काम मला द्यायचं म्हणाल्या. पारावरच्या मंडळींना ते रुचलं नाही. एकजण म्हणाला, "माहेरवाशिणीला चोळीबांगडी देत्यात, ठेका कोण देतंय?" मी म्हणाले, चोळीबांगडी तुम्हीच ठेवा, मला बोअरची खोली सांगा. सरपंचबाई गालात हसल्या आणि काम मिळालं.

शेळ्या चढू नयेत म्हणून चाचांनी सांगाडा डोक्याच्या वर उंच केला. गावाकडून पाहिलं तर प्लेटांची फक्त पाठ दिसायची. भोवती कुंपण, फाटकाला कुलूप, आणि आप्पांचं रान शेजारीच म्हणून किल्ली आप्पांकडं. पहिल्या दिवशी पाणी टाकीत पडल्याचा आवाज आला तेव्हा सरपंचबाईंनी नारळ फोडला. मी आप्पांकडं पाहिलं. काहीतरी बोलतील, निदान मान हलवतील. ते डोळ्यांवर हात धरून वर पाहत होते. "लई चमकतंय," म्हणाले आणि निघून गेले. मला वाईट वाटलं. चाळिशी गाठलेल्या बाईला बापाच्या शाबासकीचं काय एवढं, असं स्वतःला सांगितलं, पण वाटायचं ते वाटलंच.

हिवाळा छान गेला. मे महिन्यात गोष्टी बिनसल्या. सरहद्दीवर तणातणी वाढली होती. टीव्हीवर सकाळपासून भोंगे आणि लाल पट्ट्या. आप्पा दोन वेळचं जेवण टीव्हीसमोर करायला लागले. आमच्या भागावरून बीदरच्या हवाई दलाच्या तळावरची शिकाऊ विमानं रोज जातात. ती सवयीची आहेत, ढोरंसुद्धा मान वर करत नाहीत. पण अव्वा फोनवर म्हणाली, तुझे आप्पा हल्ली विमान गेलं की अंगणात ताठ उभे राहतात. मी हसून सोडून दिलं.

त्याच आठवड्यात गावातून फोन सुरू झाले. सकाळी दहानंतर मोटर कण्हते, पाणी टाकीपर्यंत चढत नाही. ऐन उन्हात सोलर बंद, म्हणजे भर पंगतीत आचारी उपाशी. मी अव्वाला फोन केला, येतेय म्हणून, आणि निघाले. पोचते तर पाणी धो धो पडतंय. मीटर लावला, सगळं चोख. प्लेटा नुकत्याच धुतलेल्या, खालची जमीन ओली. "आप्पा धुतात का?" मी विचारलं. "हाव," अव्वा म्हणाली, "बादलीन् बादली पाणी नेत्यात माळावर." ज्या माणसानं जन्मात चष्मा पुसला नाही तो माझ्या प्लेटा धुतोय. त्या दिवशी देगलूरला परतताना मी खड्ड्यांनासुद्धा नावं ठेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी परत फोन. मोटर बंद. मी गेले, मोटर चालू. असं चार वेळा झालं. गावात चेष्टा सुरू झाली की सोलरला इन्स्पेक्टर लागतो, मास्तरीणबाई आल्या की धडा म्हणतंय. मी मोटर चालवणारा कंट्रोलर बदलला. वायरी बदलल्या. चाचांना घेऊन मोटर बोअरमधून वर काढली, तपासली, परत सोडली. काही दोष नाही. रात्री झोपेत आकडे दिसायला लागले. नवरा म्हणाला, तू घरी जेवढी भांडतेस तेवढी त्या कंट्रोलरशी भांड, ऐकेल. त्यालाही त्या दिवशी पुरेसं ऐकायला मिळालं.

मग सरपंचबाईंचा फोन आला. आवाजात नेहमीचा गोडवा नव्हता. "बाई, रविवारी पारावर बैठक हाय. लोकं डिझेलचं जनरेटर आणा म्हणून राहिलेत. प्लेटा काढून न्याव्या लागतील. मी तुझ्यासाठी शब्द टाकला व्हता." मी हो म्हणाले आणि फोन ठेवला. मला तेव्हा पुढच्या दोन गावांची कामं लागायची होती. एका गावानं नाव ठेवलं की ते बाजाराच्या दिवशी सगळीकडं पोचतं. आणि हे तर माहेर. दुसऱ्या गावात नाक कापलं तर रस्ता बदलता येतो, माहेरचा रस्ता कसा बदलणार?

शनिवारी मी रागाच्या भरात कुणालाच न कळवता निघाले. चाचांच्या टेम्पोत बसून थेट माळावर. साडेअकराचं ऊन. मोटर कण्हत होती. फाटक उघडंच होतं. चाचांनी शिडी लावली, मी चढले, आणि पायरीवरच थांबले.

प्लेटांवर चिखल होता. उडालेला नव्हे, बसलेला नव्हे. पातळ कालवलेला, एकसारखा, एकाच दिशेनं फिरवलेला, एकही कोपरा न सोडता. चाचा मागून चढून आले. त्यांनी बोट फिरवून पाहिलं. "बेटी, धूळ अशी बसत न्हाई. कुंच्यानं सारवलंय हे. अन् हात लई सफाईचा हाय, बग."

खाली सांगाड्याच्या सावलीत एक बादली आणि कुंचा होता. आमच्या घरातल्या प्रत्येक बादलीवर आप्पांनी फौजेच्या रिवाजानं पांढऱ्या रंगात नंबर टाकलेले आहेत. ही तीन नंबरची होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हाच. अव्वाला माझा फोन गेला की ती घरात सांगायची, "लेक यायली," आणि आप्पा बादली घेऊन माळावर पळायचे. मी पोचेपर्यंत सगळं स्वच्छ. नंतर अव्वाला विचारलं तर म्हणाली, "मला वाटलं तूच सांगितलंस. पत्र्याला उन्हाळ्यात लेप लावत्यात ना थंडाव्याला, तसलं कायतरी."

तेवढ्यात आप्पा आले. मला पाहून जागीच थांबले. मी शिडीवरूनच सुरुवात केली. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. पोरीचं काम बुडवायला घरचाच माणूस लागतो म्हणाले. डिझेलच्या वासानं तुमचं काळीज काळं झालंय म्हणाले. गाव तहानलेलं ठेवलंत म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हात बाजूला सरळ, नजर समोर.

"झालं?" ते म्हणाले.

"न्हाई झालं. कामून केलंत ते सांगा."

"वरून दिसतं म्हणून."

"वरून आपलीच विमानं जातात, आप्पा. शिकाऊ पोरं असतात त्यांत."

"आज आपली हायत." मग त्यांनी जे सांगितलं ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं, आणि मला वाटतं त्यांनीही पहिल्यांदाच बोलून दाखवलं.

"भोकरचा एक व्हता. माझा जोडीदार. तिकडं गाडीच्या काचेला चिखल लावायचा हुकूम असतो, समोर बघायपुरती खिडकी ठेवायची. त्या डोंगराकडच्या टोकावरून त्यांना आपला रस्ता दिसायचा. खंडेनवमी आली. त्यो म्हणला, आज तरी गाडी धुवू, सणाची तरी चांगली दिसू दे. धुतली. काच पुसली. हळदीकुंकू लावलं. वळणावर ऊन आलं काचेवर, अन् पलीकडून गोळा आला. मी मागच्याच गाडीत व्हतो." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "काच पुसायला फडकं त्यानं माझ्याकडनंच मागून नेलं व्हतं."

चाचा शिडीवरून उतरले आणि तंबाखू मळत लांब जाऊन उभे राहिले. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. मी खाली आले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. इतकी वर्षं आरसा फिरवताना मी त्यांची नक्कल करायचे, आवाज जाड करून, "आरसा" म्हणायचे, आणि अव्वा हसायची. ते आठवून लाज वाटली.

पण उद्या रविवार होता आणि टाकी रिकामी होती. मी म्हणाले, "आप्पा, वर चला." टाकीची लोखंडी शिडी सरळसोट आहे. ते सत्तरीला आलेले, तरी माझ्या आधी वर पोचले, मला दम लागला. चाचांना मी प्लेटा धुवायला सांगितलं होतं. वरून सगळं गाव दिसत होतं. मी म्हणाले, विमानात बसलाय समजा. सांगा काय चमकतंय.

आप्पांनी डोळे बारीक केले. मग ते फौजेतल्यासारखे एकेक सांगत गेले. शाळेचा पत्रा. दूध डेअरीचा पत्रा. मठाचा कळस. सरपंचबाईंच्या नवऱ्याची गाडी. आमच्याच गोठ्याचा पत्रा. "अन् माझ्या प्लेटा?" मी विचारलं. त्यांनी शोधल्या. धुतलेल्या प्लेटा माळावर नांगरटीच्या काळ्या पट्ट्यासारख्या काळ्याशार पडल्या होत्या. ही काच ऊन परत फेकत नाही, पिऊन घेते, तिचं कामच ते आहे, असं मी सांगितलं. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात चमकते थोडी, खोटं कशाला बोलू. पण सगळ्या शिवारात कमी चमकणारी वस्तू तुमच्या लेकीनं बसवलीय.

"पत्रे लई चमकत्यात," आप्पा म्हणाले, आणि मला क्षणभर धास्ती वाटली की आता हे तीन नंबरची बादली घेऊन गावचे पत्रे सारवायला निघतात.

खाली मोटरनं सूर पकडला होता. पायाखाली टाकीत पाणी पडायला लागलं, त्याचा थरथराट तळव्यांना लागत होता. आप्पा कठड्याला धरून उभे होते.

"तिकडं वर उन्हाचा काय तोटा व्हता?" ते म्हणाले. "तोंडाची सालटं निघायची. अन् आमी खालून डिझेल न्यायचो." त्यांनी खालच्या प्लेटांकडं पाहिलं. "असल्या काचा तवा वर असत्या, तर एवढ्या गाड्या चढल्या नसत्या. भोकरवाला बी चढला नसता."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

रात्री मला एकच विचार. पारावर खरं सांगितलं तर माझं काम सुटतं, पण ज्यांना गावानं जीपमधून मिरवलं त्यांचं हसं होतं. पोरंसोरं त्यांना चिखलफौजी म्हणतील. मी ठरवलं की जोडणीत माझीच चूक होती म्हणायचं. पुढची कामं जायची तर जाऊ देत. हे ठरवताना फार मोठेपणा वाटला असंही नाही.

रविवारी पारावर सगळे जमले. सरपंचबाईंनी मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले, म्हणाले, दोष सापडलाय, चूक माझी... आणि मागून आवाज आला, "बस खाली, माय."

आप्पा उभे राहिले होते. ताठ, हात बाजूला. "पोरीचं काम पक्कं हाय. प्लेटांना चिखल मी लावला. रोज सकाळी धा वाजता लावायचा, सांजेला धुवायचा. विमानाच्या धास्तीनं. ती यायली कळलं की आधीच धुवायचो. गाव माझ्यामुळं तहानलं." कुणीतरी मागं फिस्सकन हसलं. आप्पांनी तिकडं पाहिलं, रागानं नाही. "हसा. माझंच चुकलं. सजा म्हणून प्लेटा धुवायची ड्युटी मला द्या." भोकरच्या जोडीदाराचं त्यांनी काही सांगितलं नाही, आणि मीही तिथं सांगितलं नाही. मग ज्यानं मला चोळीबांगडी सुचवली होती तोच म्हणाला, "मंग जनरेटर कशाला पायजे? फौजी हाय की." बैठक तिथंच उठली. सरपंचबाई जाता जाता माझ्या पाठीवर हात ठेवून गेल्या.

तेव्हापासून रोज सकाळी साडेदहाला मला फोन येतो. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "टाकी फुल्ल," आणि फोन बंद. मी चहाच्या कपासकट थांबते त्या फोनसाठी. घरातला आरसा अजून भिंतीकडंच तोंड करून आहे. अव्वा म्हणते, राहू दे, एका जन्मात किती गोष्टी सुधारायच्या.

यंदा खंडेनवमीला मी देगलूरला माझ्या हत्यारांची पूजा मांडत होते. पक्कड, पाने, मीटर, सगळ्यांना हळदीकुंकू. साडेदहा झाले, फोन आला नाही. अकरा झाले. मी उगाच पक्कड दोनदा पुसली. मग फोन वाजला. पलीकडं वारा होता, म्हणजे ते माळावर होते.

"आज येळ लागला," आप्पा म्हणाले. "सण हाय म्हणून फडक्यानं पुसल्या. समद्या. कुंकू लावलं." त्यांच्या फोनमधून विमानाचा आवाज येत होता, आधी बारीक, मग मोठा. तो आमच्या गावावरून गेला आणि विरून गेला. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.

"गेलं वरून," ते म्हणाले. "काचा साफ हायत. टाकी फुल्ल."